चुंबकाने पेशी वेगळ्या केल्या तरी शुद्धता ८० टक्क्यांवर अडकते. जास्त ताकदीचा चुंबक घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: रक्तातल्या एककेंद्रकी पेशींमधून सीडी४ टी पेशी (अंगावर सीडी४ हे प्रथिन असलेल्या रोगप्रतिकारक पेशी) काढायच्या आहेत. बीड्स, म्हणजे अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारं प्रथिन) लावलेले चुंबकीय कण, ५० नॅनोमीटरचे; कॉलम, म्हणजे चुंबकात बसवायची लोखंडी गोळ्या भरलेली नळी, तीही त्यांच्यासाठीचीच; पायऱ्या सगळ्या पत्रकाप्रमाणे. तरी फ्लो सायटोमेट्रीत (रंगवलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजतात त्यात) शुद्धता ७८ ते ८२ टक्के. दुसऱ्या कॉलममधून काढलं तर ८४. मग चुंबक कमी पडतोय का, आणि किती टेस्लाचा घ्यावा?

चुंबकाला हात लावू नका. शुद्धता घसरली की पहिलं खापर त्या बिचाऱ्या चुंबकावर फुटतं. खरं तर अख्ख्या मांडणीत कधीही न बिघडणारी वस्तू तीच.

आधी एक सांगा. उरलेल्या २० टक्के पेशी कोण आहेत ते पाहिलंत का? 'सीडी४ पॉझिटिव्ह ८० टक्के' एवढाच आकडा लिहून फाइल बंद केली असेल तर ती परत उघडा. साइड स्कॅटर (पेशी बाजूला किती प्रकाश विखुरते तो आकडा) आणि सीडी४ समोरासमोर मांडा. ठळक सीडी४ टी पेशींचा घोळका एका बाजूला दिसेल. त्याच्याखाली, सीडी४ फिकट पण साइड स्कॅटर जास्त, असा दुसरा पुंजका असणार. त्याच नळीतल्या थोड्या पेशींना सीडी१४ची अँटीबॉडी लावून बघा. पुंजका उजळला की चोर सापडला: मोनोसाइट, म्हणजे रक्तातल्या भक्षक पेशी, ज्यांच्यावर सीडी१४ असतो.

माणसाच्या मोनोसाइटवरही सीडी४ असतो. टी पेशीच्या मानाने कमी, पण असतो. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतं आणि कॉलमपाशी उभं राहिल्यावर कुणाला आठवत नाही.

आमच्याकडे नेमका हाच वाद झाला होता, आकड्यांसकट सांगतो. घेतल्या होत्या १० कोटी पेशी. त्यात सीडी४ टी पेशी ३५ टक्के, म्हणजे साडेतीन कोटी. मोनोसाइट १५ टक्के, म्हणजे दीड कोटी. मोठा कॉलम १० कोटी बीडवाल्या पेशी पेलतो, त्यामुळे कॉलम तुंबण्याचा प्रश्न नव्हता. कॉलममध्ये अडकलेल्या पेशी उतरवून मोजल्या तर सव्वातीन कोटींच्या आसपास टी पेशी आणि पाऊण कोटी मोनोसाइट. गणित करा, शुद्धता येते ८१. म्हणजे टी पेशी ९० टक्क्यांहून जास्त मिळाल्या, काम उत्तम झालं होतं, फक्त निम्मे मोनोसाइट सोबत आले. तेव्हा एका सहकाऱ्याचं ठाम मत होतं की चुंबक कमजोर आहे, नवा मागवा. मी म्हणत होतो की चुंबक गरजेपेक्षा जास्तच काम करतोय. त्या दिवशी वाद मिटला नाही, म्हणून आज इथे मिटवतो.

चुंबक जोरदार असला की पेशी जोरात ओढली जाते हे अर्धंच खरं. सारखं चुंबकीय क्षेत्र बीडला कुठेच ओढत नाही. क्षेत्र जिथे झपाट्याने बदलतं तिथेच ओढ निर्माण होते. कॉलममध्ये भरलेल्या लोखंडी गोळ्यांचं काम तेवढंच. बाहेरच्या साध्या कायमस्वरूपी चुंबकाचं क्षेत्र ते आपल्या पृष्ठभागाजवळ एकवटतात आणि काही मायक्रोमीटरच्या अंतरात प्रचंड उतार तयार करतात. १९९०मध्ये मिल्टेनी, म्युलर, वाइखेल आणि राडब्रुख यांनी ही पद्धत मांडली तेव्हा नावातच 'हाय ग्रेडियंट' असं घातलं. जोर ग्रेडियंटवर आहे, टेस्लावर नाही. शिवाय अर्ध्या टेस्लाच्या आसपास हे बीड्स जवळजवळ पूर्ण चुंबकित झालेले असतात. त्यापुढे क्षेत्र दुप्पट केलं तरी बीडची चुंबकता दुप्पट होत नाही.

आता समजा, कसंही करून ओढ वाढवलीत. मग काय होईल? पेशी कॉलममध्ये टिकते की वाहून जाते हे दोन गोष्टींच्या रस्सीखेचीवर ठरतं. एका बाजूला तिच्या अंगावर किती बीड्स आहेत आणि ग्रेडियंट किती आहे. दुसऱ्या बाजूला बफरचा (पेशी ज्यात ठेवतात त्या द्रावणाचा) वेग आणि पेशीचा आकार. ठळक सीडी४ टी पेशी आहे त्या ओढीलाही सुटत नाही. ओढ वाढली की टिकायला लागतात त्या कमी बीडवाल्या पेशी, म्हणजे तुमचे मोनोसाइट. आहे त्या ८१चे ७५ होतील आणि वर नव्या चुंबकाची पावती फायलीत लागेल.

दुसऱ्या कॉलमने ८४च्या पुढे का नेलं नाही, त्याचंही उत्तर यातच आहे. कागदावर दुसरी फेरी जादू करते. पहिल्या फेरीत नको असलेल्या १०० पेशींतली एक अडकत असेल, तर दोन फेऱ्यांनी दहा हजारांतली एक उरायला हवी. पण हे गणित नुसत्या योगायोगाने मागे राहिलेल्या पेशींना लागू आहे. तुमचे मोनोसाइट योगायोगाने अडकलेले नाहीत, त्यांच्या अंगावर खरोखर बीड्स आहेत. ते दुसऱ्या कॉलमलाही तितकेच इमानाने चिकटणार. म्हणून दुसरी फेरी ही चाचणी म्हणून वापरा. शुद्धता ८१वरून ९५ला गेली तर धुणं कमी पडलं होतं; ८१वरून ८४वरच थांबली तर चूक लेबलिंगमध्ये, म्हणजे पेशींवर बीड्स बसवण्यात आहे.

मोनोसाइट बीड्स उचलतात ते तीन वाटांनी. सीडी४चं सांगितलं. दुसरी वाट एफसी रिसेप्टर: अँटीबॉडीचं शेपूट धरायला हे रिसेप्टर टपलेले असतात, समोरचं टोक कशाविरुद्ध आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बीड्स घालण्याआधी एफसी ब्लॉक (हे रिसेप्टर आधीच अडवणारं द्रावण) ५ ते १० मिनिटं घातला की ही वाट बरीचशी बंद होते. तिसरी वाट म्हणजे मोनोसाइटचा पेशाच भक्षकाचा. ऊब मिळाली की ते बीड्स गिळायला लागतात. म्हणून थंडावा.

थंडावा म्हणजे बर्फ नव्हे, आणि इथे बरेच जण फसतात. बीड्स लावून ठेवायची १५ मिनिटं ही वेळ २ ते ८ अंशांसाठी दिलेली असते, म्हणजे फ्रिज. नळी बर्फात खोचून ठेवली तर अँटीबॉडी हळू बसते आणि त्याच १५ मिनिटांत लेबलिंग अर्धवट राहतं. उलट टेबलावर ठेवून गप्पा मारल्या तर नको तिथे बीड्स बसतात. फ्रिजच्या फळीवर ठेवा, मध्ये एकदा हलकेच हलवा आणि गजर लावा. ३० मिनिटांनी जास्त चांगलं होतं हा गैरसमज आहे. सीडी४ ठळक असलेल्या पेशी पहिल्या काही मिनिटांतच भरतात. उरलेला वेळ फिकट पेशींच्या पथ्यावर पडतो.

मापांचं म्हणाल तर, एक कोटी पेशींना ८० मायक्रोलिटर बफर आणि २० मायक्रोलिटर बीड्स. १० कोटींना दहापट. पण पेशी ३० लाखच असतील तर माप खाली आणायचं नाही, एक कोटीचंच ठेवायचं; इथे बीड्सची संहती महत्त्वाची, पेशीमागे किती हे नाही. बफर घालायच्या आधी पेलेटवरचं (फिरवून तळाशी बसलेल्या पेशींवरचं) द्रव पूर्ण काढा. नळीत २०० मायक्रोलिटर मागे राहिलं आणि वरून ८० घातलं की तुमचे बीड्स जवळपास तिप्पट पातळ झाले. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे महिनोन्महिने चालते. बीड्स ढिले हात करून जास्त घालणं हीसुद्धा चूकच. ठळक पेशी आधीच भरलेल्या असतात, जादाचे बीड्स जातात फिकट पेशींवर आणि मेलेल्यांवर.

लेबलिंगनंतरचं धुणं टाळू नका. दर कोटीला १ ते २ मिलिलिटर बफर, सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट), १० मिनिटं. मोकळे बीड्स राहिले तर कॉलममध्ये जागा अडवतात. मग १० कोटींपर्यंतच्या पेशी ५०० मायक्रोलिटरमध्ये घेऊन ३० मायक्रोमीटरच्या जाळीतून कॉलमवर.

तर, मोनोसाइटचं काय करायचं? माझी पसंती अशी: आधी सीडी१४चे बीड्स लावून मोनोसाइट काढून टाका, आणि त्यासाठी साधा कॉलम न वापरता डिप्लीशनचा, म्हणजे पेशी काढून टाकण्यासाठीचा, कॉलम वापरा. त्यातून प्रवाह संथ असतो आणि अंगावर मोजके बीड्स असलेली पेशीही सुटत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या पायरीत निसटलेला बीडवाला मोनोसाइट दुसऱ्या पायरीत सीडी४च्या कॉलममध्ये हमखास अडकतो. खाली वाहून आलेल्या पेशी मोजा (आधीचा आकडा धरून पुढे जाऊ नका, पेशी कमी झाल्या आहेत), मग सीडी४चे बीड्स. आमच्या त्या वादातल्या रक्ताची दुसरी नळी अशी काढली तेव्हा ९६ आले. चुंबक तोच, कॉलमवर उभा असलेला माणूस तोच.

दुसरा रस्ता निगेटिव्ह सिलेक्शनचा. सीडी८, सीडी१४, सीडी१६, सीडी१९, सीडी५६ अशा नको असलेल्या सगळ्यांवर बायोटिन (एक जीवनसत्त्व) लावलेल्या अँटीबॉडी, त्यावर अँटी-बायोटिन बीड्स, आणि न अडकता वाहून येतात त्या तुमच्या पेशी. यात एक खड्डा आहे: पेशी आरपीएमआय या पेशी वाढवायच्या माध्यमातून थेट यात घालू नका. त्या माध्यमात दर लिटरला ०.२ मिलिग्रॅम बायोटिन असतं, ते बीड्सवरच्या जागा अडवून बसतं. आधी दोनदा बफरने धुवा.

निगेटिव्ह सिलेक्शनवाले लोक 'आमच्या पेशींना कुणी हातही लावला नाही' असं अभिमानाने सांगतात. बरोबर आहे, पण अस्पर्श म्हणजे शुद्ध नव्हे. मिश्रणात ज्याच्याविरुद्ध अँटीबॉडी नाही ते सगळं तुमच्या नळीत उतरतं: प्लेटलेट, तांबड्या पेशी, कचरा. काल काढलेलं रक्त आज वापरलंत तर ग्रॅन्युलोसाइटही (दाणेदार पांढऱ्या पेशी) हलक्या होऊन एककेंद्रकी पेशींच्या थरात येऊन बसतात. मिश्रणात त्यांच्यावरच्या सीडी१५ची अँटीबॉडी नसेल तर त्याही आल्याच. आणि पॉझिटिव्ह सिलेक्शन (हव्या त्याच पेशींना बीड्स लावून धरणं) म्हणजे पेशी खराब झाल्या, हाही बाऊच आहे. कशाला धरता त्यावर ते अवलंबून. सीडी३ला धरून टी पेशी काढाल तर संदेश आत जाणारच, ते टाळा. सीडी१४ला धरून मोनोसाइट काढाल तर त्या रेणूचा स्वतःचा भाग पेशीच्या आत नसतोच, तो पडद्याला चरबीच्या खुंटीने टांगलेला असतो. पुढे पेशी फोडून आरएनए काढायचा आहे की आठवडाभर वाढवायच्या आहेत, हे आधी ठरवा; मग पद्धतीवर भांडा.

मेलेल्या पेशींकडे या सगळ्यांआधी बघायला हवं होतं, पण राहिलं. मेलेली पेशी कुठल्याही अँटीबॉडीला चिकटते. सुरुवातीच्या नळीत १५ टक्के मेलेल्या असतील तर पुढची कुठलीही हुशारी वाया. त्यातून बाहेर पडलेल्या डीएनएने चिकट धागे होतात, पेशींचे पुंजके बनतात. पुंजक्यात एक सीडी४ पेशी असली की बाकीच्या दहा फुकटात पास. डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) घाला, पण लक्षात घ्या, डीएनेजला मॅग्नेशियम लागतं आणि आपल्या बफरमध्ये २ मिलिमोलर ईडीटीए असतं, जे मॅग्नेशियम पळवतं. ईडीटीएवाल्या बफरमध्ये डीएनेज घालून 'काही उपयोग झाला नाही' म्हणणारे बरेच आहेत. ईडीटीए नसलेल्या, मॅग्नेशियम असलेल्या द्रावणात डीएनेज, नंतर धुऊन नेहमीचा बफर: पीबीएस (फॉस्फेटचं खारट द्रावण), पीएच ७.२, ०.५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), २ मिलिमोलर ईडीटीए.

प्लेटलेटचंही तसंच. २०० जीवर १० मिनिटं, दोनदा, वरचं द्रव काढून टाका. प्लेटलेट मोनोसाइटला बिलगून असतात आणि कॉलमही तुंबवतात.

कॉलम वापरतानाचा एकच मुद्दा सांगतो, बाकी पत्रकात आहे. बफरमधली हवा काढा. थंड बफरमध्ये जास्त हवा विरघळते, कॉलममध्ये तो जरा गरम झाला की बुडबुडे सुटतात आणि गोळ्यांच्या फटीत बसतात. मग प्रवाह एका बाजूने वाहतो, दुसरी बाजू धुतलीच जात नाही. थेंब एका लयीत पडत असले पाहिजेत. मध्येच थबकून परत सुरू झाले की बुडबुडा समजा. मोठ्या कॉलमला ३ मिलिलिटरचे तीन वॉश, दर वेळी वरची टाकी रिकामी झाल्यावरच पुढचा. तिन्ही एकदम ९ मिलिलिटर ओतले तर पहिल्या वॉशची घाण पुढच्यात मिसळत राहते. पेशी उतरवताना कॉलम चुंबकातून काढा, ५ मिलिलिटर घाला आणि दट्ट्या एकदाच, दमदार दाबा. भीत भीत दाबला तर पेशी कॉलममध्येच राहतात.

शुद्धता तपासताना सीडी३, सीडी४, सीडी१४ आणि मेलेल्या पेशींचा रंग, एवढं किमान लावा. सीडी४ची अँटीबॉडी बीड्सवरच्या अँटीबॉडीपेक्षा वेगळ्या जागी बसणारी निवडा, नाहीतर बीड्सनी झाकलेल्या पेशी फिकट दिसतील आणि चांगल्या पेशी तुम्हीच गेटच्या (मोजणीसाठी आखलेल्या चौकटीच्या) बाहेर ठेवाल.

आता थोडे अपवाद, नाहीतर कुणी तरी खाली येऊन सुनावेलच.

तुमच्या पेशी ३५ टक्के आहेत म्हणून हे सगळं सोपं आहे. एक टक्का असलेली पेशी काढत असाल तर अपेक्षा बदला. समजा हव्या त्या ८० टक्के मिळाल्या आणि नको असलेल्यांपैकी अवघ्या अर्धा टक्का मागे राहिल्या. सुरुवातीला २० टक्के असलेल्या पेशीची शुद्धता येते ९७च्या वर. तीच मेहनत, तोच कॉलम, पण सुरुवात एक टक्क्याने असेल तर जेमतेम ६२. तिथे लेबलिंगची चूक नसते, नुसता भागाकार असतो, आणि तिथे दुसरा कॉलम खरंच कामाला येतो.

जास्त ओढ उपयोगी पडते ती पेशी काढून टाकताना, जिथे एकही बीडवाली पेशी खाली यायला नको. किंवा जिथे बीड्सच नाहीत तिथे. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन खाऊन लोहाचे स्फटिक साठवतो, हिमोझोइन. त्यामुळे प्रौढ अवस्थेतल्या परजीवीची पेशी कुठल्याही अँटीबॉडीशिवाय कॉलमला चिकटते. सुरुवातीच्या वलय अवस्थेत स्फटिक पुरेसे नसतात, त्या सरळ वाहून जातात. ऑक्सिजन काढून घेतलेली साधी तांबडी पेशीसुद्धा चुंबकाला किंचित दाद देते. १९७५मध्ये मेलव्हिल आणि सहकाऱ्यांनी तेवढ्यावर तांबड्या पेशी अख्ख्या रक्तातून वेगळ्या करून दाखवल्या होत्या. अशा ठिकाणी ओढीचा प्रत्येक कण मोलाचा.

आणि ४.५ मायक्रोमीटरचे मोठे बीड्स वापरत असाल तर वरचं कॉलमचं पुराण विसरा. लोहाचं प्रमाण सारखं धरलं तर असा एक बीड ५० नॅनोमीटरच्या सात लाखांहून जास्त बीड्सच्या तोडीचा. नळीबाहेर ठेवलेला साधा चुंबक दोन मिनिटांत पेशी भिंतीला लावतो. पण मोनोसाइट या मोठ्या बीड्सवरही तितक्याच आवडीने ताव मारतात, आणि इथे तर एकच बीड पुरतो.

उद्या नवीन रक्त काढायच्या आधी फ्रिजमधली ती ८४ टक्क्यांची नळी उरली असेल तर सीडी१४ लावून तेवढी पळवा. पुंजका उजळला नाही, तर मेलेल्या पेशींचा रंग पहा आणि तो आकडा इथे लिहा.